रेडियस खोक्यातून व्हीएमवर : प्रकल्प नोंदी, नवी मुंबई, जून ते सप्टेंबर २०२५

२ जून, सोमवार

महापेच्या रॅकमधली दोन्ही जुनी ऑथेंटिकेशन अप्लायन्स, म्हणजे रेडियस प्रोटोकॉलने नाव-पासवर्ड तपासून कुणाला नेटवर्कमध्ये घ्यायचं ते ठरवणारी खोकी, निर्मात्याच्या सपोर्टबाहेर गेली. एकाच्या दोन पॉवर सप्लायपैकी एक बंद आहे. दुसऱ्याचा पंखा इतका वाजतो की रॅकचं दार उघडायच्या आधीच कळतं. कोपरखैरणे, नेरूळ आणि खारघर या तिन्ही कॅम्पसचं वाय-फाय, स्टाफचे वायर्ड पोर्ट, स्विचवरचं ॲडमिन लॉगिन आणि घरून येणारं व्हीपीएन, सगळं या दोन खोक्यांवर टेकलंय. म्हणायला प्रायमरी आणि सेकंडरी. प्रत्यक्षात सेकंडरी वर्षभर बसून असतं आणि प्रायमरी आडवं झालं की एका झटक्यात सगळा भार त्याच्यावर येतो.

बैठकीत ठरलं: नवीन हार्डवेअर घ्यायचं नाही. केव्हीएमवर (एका सर्व्हरमध्ये अनेक आभासी यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर) व्हीएम, म्हणजे आभासी यंत्रं, त्यावर फ्रीरेडियस हे रेडियसचं मुक्त सॉफ्टवेअर, आणि लागेल तसं वाढवायचं. मॅनेजर सरांचा पहिला प्रश्न, "व्हीएम किती?" पाठोपाठ उत्तरही त्यांचंच, "पाच लिहा, उगाच नंतर कमी पडायला नकोत." मी रकाना रिकामा ठेवला. आधी हिशोब होऊ दे.

५ जून, गुरुवार

रोजची सरासरी इथे कामाची नाही. आमचा खरा कसोटीचा क्षण म्हणजे वीज जाऊन परत येते तो. यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, त्यामुळे हा क्षण जूनची वाटही न बघता आठवड्यातून एकदोनदा येतोय. वीज आली की सगळे ॲक्सेस पॉइंट एकत्र उठतात आणि सगळे फोन एकत्र दारात येऊन उभे राहतात.

पीईएपीने, म्हणजे वाय-फायवर पासवर्ड तपासायच्या आमच्या पद्धतीने, एक फोन आत घ्यायचा तर सर्व्हरशी त्याच्या दहाएक फेऱ्या होतात: ओळख, टीएलएस या सांकेतिक जोडणीचा हस्तांदोलनाचा भाग, प्रमाणपत्राचे तुकडे, मग आत पासवर्डची देवाणघेवाण. एका कॅम्पसवर दोन हजार फोन दोन मिनिटांत आले असं धरू. वीस हजार विनंत्या, एकशेवीस सेकंद, म्हणजे सेकंदाला १६७च्या आसपास. चार कोअरच्या एका बऱ्या व्हीएमला हे जड नाही. थोडक्यात, भारासाठी एक पुरतो. दुसरा हवा तो पहिला मेला तर. तिसरा हवा तो एक मेलेला असताना दुसऱ्याला पॅच मारायची वेळ आली तर. पाचाचं कारण मला तरी सापडलं नाही.

खरी मर्यादा दुसरीकडेच आहे. रेडियसच्या पाकिटात विनंतीचा ओळखक्रमांक फक्त एका बाइटचा असतो. लिव्हिंगस्टन कंपनीने १९९१च्या सुमारास डायल-अपसाठी हा प्रोटोकॉल बनवला तेव्हा एवढं भरपूर होतं, आणि जून २००० मधल्या आरएफसी २८६५ या इंटरनेट मानकातही ते तसंच राहिलं. परिणाम असा की एका सोर्स पोर्टवरून, म्हणजे पाठवणाऱ्याच्या एका क्रमांकित वाटेवरून, एका वेळी जास्तीत जास्त २५६ विनंत्या उत्तराविना हवेत राहू शकतात. आमचा प्रत्येक वायरलेस कंट्रोलर, म्हणजे कॅम्पसचे ॲक्सेस पॉइंट सांभाळणारं यंत्र, एकच सोर्स पोर्ट वापरतो. उत्तर २० मिलिसेकंदांत आलं तर त्याला सेकंदाला साडेबारा हजारांहून जास्त विनंत्या झेपतील. उत्तराला दोन सेकंद लागले तर १२८. वर आपण १६७ काढले होते. म्हणजे मागे डेटाबेस किंवा डिरेक्टरी (पासवर्ड ठेवणारा सर्व्हर) रेंगाळली की पुढे पाच व्हीएम असोत नाहीतर पन्नास, दार अरुंदच.

सरांना हा कागद दाखवला. म्हणाले, "मग तीन?" तीन.

११ जून, बुधवार

टेम्पलेट, म्हणजे जिच्या नकला (क्लोन) काढायच्या ती नमुना व्हीएम, तयार. डेबियन लिनक्स १२, फ्रीरेडियस ३.२ मालिकेतलं नवं, चार कोअर, आठ जीबी. कॉन्फिगरेशन सगळं गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं साधन), तिथून अन्सिबल या साधनाने सगळ्या व्हीएमवर ढकलायचं. व्हीएमवर हाताने शिरून काही बदलायचं नाही, हा नियम ज्युनियरला आणि मला सारखाच.

क्लोन करताना सगळी गोम एकाच प्रश्नात असते: काय सारखं असावं आणि काय अजिबात सारखं नसावं. मशीन-आयडी, एसएसएच होस्ट की, होस्टनेम हे टेम्पलेटमधून पुसून टाकलं. पहिल्या बूटला क्लाउड-इनिट हे साधन ते नवं बनवतं. फ्रीरेडियस बसवताना चाचणीपुरती प्रमाणपत्रं आपोआप तयार होतात, तीही काढून टाकली. ती राहून गेली की कुणीतरी त्यांच्यावरच खरी सेवा चालवतं. दुसऱ्या ठिकाणी हे मी बघितलंय.

ईएपीचं (पीईएपी ज्या कुळातली ती लॉगिनची चौकट) सर्व्हर प्रमाणपत्र मात्र तिन्ही व्हीएमवर तेच, मुद्दाम. फोनला व्हीएम दिसत नाही, प्रमाणपत्र दिसतं. प्रत्येक व्हीएमचं वेगळं ठेवलं तर आयफोन आज एकाला "विश्वास ठेवा" म्हणेल, उद्या दुसऱ्या व्हीएमवर गेला की परत विचारेल, आणि चार वेळा विचारलं की मुलं काहीही न वाचता होय दाबायला शिकतात. मग कुणी बाहेर बनावट ॲक्सेस पॉइंट लावला तरी होयच दाबतील.

वेळ जुळवायला क्रोनी हे सॉफ्टवेअर, एनआयसी या सरकारी माहिती केंद्राच्या दोन्ही समय सर्व्हरकडून. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएल या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवणं आणि लॉग १८० दिवस देशात ठेवणं, दोन्ही आहे. लॉगची जागा तेवढी धरली.

१९ जून, गुरुवार

डोमेन जॉइन. स्टाफ आणि विद्यार्थी दोघांचे पासवर्ड ॲक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डिरेक्टरीत; तिच्यातल्या खात्यांचा आणि यंत्रांचा गट म्हणजे डोमेन, तो सांभाळणारा सर्व्हर म्हणजे डोमेन कंट्रोलर. एमएसचॅपव्ही२, म्हणजे पीईएपीच्या आतली पासवर्डची देवाणघेवाण, तपासायचं तर प्रत्येक वर्कर (प्रत्यक्ष तपासणी करणारा) व्हीएम डोमेनचा स्वतंत्र सभासद हवा, स्वतःच्या कॉम्प्युटर अकाउंटसकट. जोडलेल्या व्हीएमचा क्लोन काढला तर दोन यंत्रं एकच अकाउंट वापरतात. सांबा, म्हणजे लिनक्सला डोमेनशी जोडणारं सॉफ्टवेअर, आपला मशीन पासवर्ड मूळ सेटिंगप्रमाणे सात दिवसांनी बदलतो. एकाने बदलला की दुसरा जुनाच घेऊन बसतो. म्हणून क्लोन आधी, जॉइन नंतर, आणि ते स्क्रिप्टमध्ये. नावं पंधरा अक्षरांच्या आत, विंडोजच्या नेटबायोस नावपद्धतीची जुनी मर्यादा.

आणखी दोन गोष्टी बदलल्या. जुन्या खोक्यात प्रत्येक लॉगिनला पासवर्ड तपासणाऱ्या एनटीएलएम-ऑथचा वेगळा प्रोसेस जन्माला यायचा. आता फ्रीरेडियस थेट विनबाइंड या सांबाच्या भागाच्या लायब्ररीशी बोलतं. आणि विनबाइंड डोमेन कंट्रोलरशी मुळात एकच जोडणी उघडतं, म्हणजे सगळी लॉगिनं एका रांगेत. ती संख्या वाढवली. या एका ओळीने जेवढा फरक पडला तेवढा दोन कोअर वाढवून पडला नसता.

चाचणीबद्दल: रेडक्लायंट या चाचणी-साधनाने साध्या पीएपी (एकाच फेरीत पासवर्ड पाठवणाऱ्या) विनंत्या मारल्या तर भलेमोठे आकडे येतात आणि खूष व्हायला होतं. विक्रेत्यांच्या पत्रकातले आकडे बहुतेक त्याच जातीचे. एक पाकीट गेलं, एक आलं, झालं. आम्ही ईएपीओएल-टेस्ट या साधनाच्या अनेक प्रती एकदम चालवून पूर्ण पीईएपी मोजतो. आकडा लहान येतो, पण तो आपला असतो.

२७ जून, शुक्रवार

भार कसा वाटायचा यावर नेटवर्कवाल्या सरांशी लांबलचक चर्चा. त्यांच्याकडे वेबसाठीचा लोड बॅलन्सर आहे. "त्यालाच सर्व्हरचा अजून एक गट जोडू, अर्ध्या तासाचं काम." काम अर्ध्या तासाचंच आहे, पण दोन अडचणी.

पहिली: ईएपीच्या त्या दहा फेऱ्या म्हणजे एकच संभाषण आहे. टीएलएस कुठवर आलं, हे ज्या वर्करने सुरुवात केली त्याच्याच मेमरीत असतं. तिसरी फेरी दुसऱ्या वर्करकडे गेली तर तो म्हणणार, हा कोण? आणि नकार. त्यामुळे पाळीपाळीने वाटप बाद.

दुसरी: मग सोर्स आयपीवरून (विनंती पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून) चिकटवू, असं सर म्हणाले. तसं केलं तर कंट्रोलर तीन, म्हणजे आयपी तीन. नेरूळचं हॉस्टेल सगळंच्या सगळं एका वर्करवर आणि कोपरखैरण्याच्या ऑफिसातली माणसं दुसऱ्यावर. वाटप म्हणायचं ते नावापुरतं.

शेवटी पुढे दोन हलक्या फ्रीरेडियस प्रॉक्सी, नुसत्या विनंती घेऊन मागे पाठवणाऱ्या, आणि मागे वर्कर. प्रॉक्सी प्रत्येक विनंतीतला कॉलिंग-स्टेशन-आयडी, म्हणजे फोनचा मॅक पत्ता, घेते आणि त्याच्या हॅशवरून, म्हणजे त्यातून गणिताने काढलेल्या आकड्यावरून, वर्कर ठरवते. एक फोन कायम एकाच वर्करकडे, पण एका कंट्रोलरचे फोन सगळ्यांत विभागलेले. मॅक लिहायची प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी, कुणी डॅश, कुणी कोलन, कुणी सगळं एकसंध. ते एका साच्यात आणायचं धोरण फ्रीरेडियसमध्ये तयारच मिळतं, ते आधी चालवायचं. हल्लीचे फोन मॅक बदलतात हा आक्षेप आला. बदलतात, पण संभाषणाच्या मध्येच बदलत नाहीत. चालतं.

याचा एक फायदा नंतर लक्षात आला. शेअर्ड सिक्रेटची, म्हणजे प्रत्येक स्विच किंवा कंट्रोलरशी ठरलेल्या गुप्त शब्दांची, लांबलचक यादी फक्त दोन प्रॉक्सींवर राहते. वर्करला प्रॉक्सींशिवाय कुणी ओळखीचं नाही. नवीन वर्कर उभा करताना स्विचना काही सांगावं लागत नाही. मात्र वर्करला आता सगळं प्रॉक्सीच्या आयपीवरून आलेलं दिसतं, त्यामुळे "कुठल्या कॅम्पसमधून" हे ठरवणारे जुने नियम एनएएसच्या, म्हणजे विनंती पाठवणाऱ्या मूळ स्विच-कंट्रोलरच्या, ओळखीवर आणावे लागले. दोन प्रॉक्सींमध्ये एक तरता आयपी: एक पडली की कीपअलाइव्हडी हे सॉफ्टवेअर तो दुसरीवर नेतं.

४ जुलै, शुक्रवार

ब्लास्ट-रेडियस. मागच्या वर्षी जुलैमध्ये जाहीर झालेली त्रुटी, सीव्हीई-२०२४-३५९६. रेडियसच्या उत्तराची खात्री एमडी५ या जुन्या, कमकुवत हॅशवर आहे. मध्ये बसलेला माणूस नकाराचा होकार करू शकतो. ईएपीत मेसेज-ऑथेंटिकेटर (पाकिटात फेरफार झाला नाही याची खूण) सक्तीचा असल्यामुळे वाय-फायला धोका नाही. धोका कुणाला? स्विचच्या ॲडमिन लॉगिनला, कारण ते साधं पीएपी. म्हणजे इमारतीतल्या सगळ्यात महत्त्वाच्या किल्ल्या.

फ्रीरेडियसमध्ये मेसेज-ऑथेंटिकेटरची सक्ती प्रत्येक क्लायंटला वेगळी लावता येते. नव्या फर्मवेअरच्या स्विचना सक्ती लावली. खारघरचे काही जुने स्विच ते पाठवतच नाहीत. त्यांचं फर्मवेअर होईपर्यंत त्यांचा रेडियस फक्त मॅनेजमेंट व्हीलॅनमधून, म्हणजे देखभालीसाठीच्या वेगळ्या नेटवर्कमधून. जुनी खोकी बदलायला हे एकच कारणही मला पुरेसं होतं, पण बजेटच्या कागदावर पंख्याचा आवाज जास्त पटतो.

७ जुलै, सोमवार

काल आषाढी. कोपरखैरणे नव्यावर गेलं. सकाळपासून शांत.

१५ जुलै, मंगळवार

नेरूळचं हॉस्टेल भरलं. रात्री दहाच्या सुमारास वॉर्डन मॅडमचा फोन: "अहो, मुलं माझ्या दारात उभी आहेत. नेट नाही म्हणतायत." मी ग्राफ बघत होतो. तिन्ही वर्करचा सीपीयू पाच टक्क्यांच्या आसपास, मेमरी निवांत. मॅडमना सांगितलं सर्व्हर चालू आहेत. त्या म्हणाल्या, "चालू असतील. मुलं बाहेर आहेत ना पण."

त्या बरोबरच होत्या. लॉगमध्ये एकामागून एक ओळी: आधीची विनंती अपूर्ण, म्हणून नवी टाकून दिली. प्रत्येक ओळीत अडकलेलं मॉड्यूल एकच, एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलणारं. ऑथेंटिकेशनला डेटाबेस लागत नाही. पण अकाउंटिंग, म्हणजे कोण कधी आत आलं, किती वापरलं, कधी गेलं, हे त्याच सर्व्हरवर त्याच थ्रेडमधून (एका वेळी एक विनंती हाताळणारा धागा) डेटाबेसात लिहिलं जात होतं. जुन्या व्यवस्थेतून आलेला अकाउंटिंगचा तक्ता फुगलेला, आणि रात्रीचं डेटाबेसचं डंप, म्हणजे पूर्ण प्रत काढणं, नेमकं त्याच वेळेला लागलेलं. इन्सर्ट रखडले, थ्रेड त्यांची वाट बघत उभे राहिले, आणि थ्रेड संपले तसे नवे फोन बाहेर. त्यात कंट्रोलर उत्तर नाही म्हणून दर दोन सेकंदांनी तीच विनंती पुन्हा पाठवत होता, म्हणजे रांग आपणच लांबवत होता. ५ जूनच्या कागदावरचे दोन सेकंद हेच.

मॅनेजर सर फोनवर म्हणाले, "अजून दोन व्हीएम चढवा, टेम्पलेट आहे ना." चढवले असते तर त्या डेटाबेसला धडका देणारे थ्रेड तेवढे वाढले असते. डंप थांबवलं, दोन मिनिटांत मुलं आत.

मग कायमचं केलं. अकाउंटिंगची विनंती आली की वर्कर ती आधी डिस्कवरच्या साध्या फाइलीत लिहितो आणि लगेच पोच देतो; वेगळा वाचक ती फाइल उपसून डेटाबेसाच्या सोयीने भरतो. डेटाबेस तासभर बंद राहिला तरी फाइल वाढेल, दार अडणार नाही. शिवाय अकाउंटिंगची प्रॉक्सी-वाटच वेगळी करून एका छोट्या स्वतंत्र व्हीएमवर नेली. डंप पहाटे चारला.

२४ जुलै, गुरुवार

"आपोआप वाढणारे" हा शब्द प्रस्तावात सरांनी घातलाय, आणि तो वरच्या मजल्यावर आवडलाय. भार वाढला की नवा वर्कर, कमी झाला की बंद. वेब सर्व्हरला हे शोभतं. इथे काय होतं ते फळ्यावर काढून दाखवलं.

प्रॉक्सी हॅशला वर्करच्या संख्येने भागते आणि बाकीवरून वर्कर निवडते. तीनाचे चार केले की भाजक बदलतो. शून्य ते अकरा हे बारा आकडे घ्या; तीनाने आणि चाराने भागून बाकी सारखी येते ती फक्त ०, १ आणि २ ची. बाकी नऊ आकडे दुसऱ्या वर्करकडे जातात. म्हणजे ऐन गर्दीत चौथा वर्कर आणला तर त्या क्षणी अर्ध्यावर असलेली पाऊण संभाषणं तुटतात, ते फोन पहिल्यापासून सुरुवात करतात, आणि ज्या गर्दीसाठी वर्कर आणला ती गर्दीच वाढते. वर प्रॉक्सीला नवी यादी वाचायला रिस्टार्ट लागतो.

तोडगा पंगतीचा. पाट चार आधीच मांडायचे, माणसं तीनच असली तरी. प्रॉक्सीच्या यादीत पहिल्या दिवसापासून चार वर्कर, चौथा बंद आणि मेलेला म्हणून नोंदलेला. त्याच्या वाट्याचे फोन पुढच्या जिवंत वर्करकडे, म्हणजे फिरून पहिल्याकडे जातात, त्यामुळे पहिल्यावर एरवी निम्मा भार असतो. एकट्याला सगळा झेपतो हे मोजलेलं आहे, तेव्हा हरकत नाही. चौथा चालू केला की फक्त त्याचाच पाव हिस्सा हलतो, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. फ्रीरेडियसच्या रेडमिन साधनातल्या एका आज्ञेने कुठलाही वर्कर मेलेला ठरवता येतो; पॅचिंगच्या आधी तेच करायचं, अर्धं मिनिट थांबायचं, मग व्हीएम बंद.

सरांनी विचारलं, "मग प्रस्तावात काय लिहू?" "मागणीनुसार वाढवता येणारे" लिहिलं. बटण माणसाच्या हातात.

१ ऑगस्ट, शुक्रवार

खारघरहून ईएपी-टीएलएस (पासवर्डऐवजी लॅपटॉपच्या प्रमाणपत्राने लॉगिन) चालत नाही, पीईएपी चालतं. महापेत दोन्ही चालतं. हे ऐकलं की आधी पाकिटाची लांबी बघायची. लॅपटॉपचं प्रमाणपत्र मोठं, यूडीपी पाकीट पंधराशे बाइटच्या पुढे जाऊन फुटतं, आणि खारघर-महापे बोगद्यावरची (दोन ठिकाणांना जोडणाऱ्या बंदिस्त नेटवर्क-वाटेवरची) फायरवॉल दुसरा तुकडा टाकून देत होती. सर्व्हरकडून जाणारे तुकडे आपण लहान करू शकतो, लॅपटॉपकडून येणारे नाही. फायरवॉलवर तुकड्यांना वाट दिली. संपलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

वर्कर जिवंत आहे हे प्रॉक्सी स्टेटस-सर्व्हर पाकिटाने विचारते. त्याला उत्तर डीमन, म्हणजे नुसता चालू असलेला फ्रीरेडियस प्रोग्राम, देतो. विनबाइंड झोपलेलं असलं, डोमेन कंट्रोलर पोहोचत नसला, प्रमाणपत्राची मुदत संपली, तरी उत्तर येतंच: मी ठीक. १५ जुलैचा हिरवा ग्राफ विसरलो नाही. म्हणून एका वेगळ्या छोट्या व्हीएमवरून दर मिनिटाला प्रत्येक वर्करवर एक पूर्ण पीईएपी लॉगिन, चाचणीच्या खात्याने, आणि लागलेला वेळ नोंदवायचा. अलार्म "बंद पडलं" यावर नाही, "अर्ध्या सेकंदाच्या वर गेलं" यावर.

तिन्ही वर्कर एकाच हायपरव्हायजरवर (व्हीएम चालवणाऱ्या खऱ्या सर्व्हरवर) जाऊन बसणार नाहीत याची व्यवस्थाही आज तपासली. दोन महापेत, एक नेरूळला. व्हीएमचा हा छुपा धोका: चित्रात तीन चौकोन दिसतात, खाली लोखंड एकच असू शकतं.

२० ऑगस्ट, बुधवार

काल लिहायला फुरसत नव्हती.

सोमवारपासून धो धो. मंगळवारी शाळा-कॉलेजांना सुट्टी, लोकलचे बरेच भाग बंद, मी ठाण्यात घरी अडकलेलो. दुपारी महापेतली वीज गेली. इमारतीचा जनरेटर चालू व्हायच्या आधी यूपीएस संपला. रॅक पूर्ण अंधारात, प्रकल्प सुरू झाल्यापासून पहिल्यांदा.

वीज आल्यावर हायपरव्हायजर उठले, व्हीएम उठल्या, पण कोअर स्विचवर बोगद्याचा पोर्ट उठला नाही. तो हाताने उठवायचा होता. आणि स्विच आत घेईना. ज्युनियर घणसोलीला राहतो, तो रेनकोट घालून रॅकपाशी पोहोचला.

"सर, माझा पासवर्ड चालत नाहीये."

"टाइमआउट येतोय की रिजेक्ट?"

"रिजेक्ट. लगेच येतोय."

तिथेच गाठ होती. स्विचवर नियम असा की रेडियसचं उत्तर आलं नाही तर स्थानिक खातं वापरा. पण उत्तर येत होतं. प्रॉक्सी उठली होती, वर्कर उठला होता. डोमेन कंट्रोलरची व्हीएम मात्र अजून बूट होत होती. वर्करने डिरेक्टरीला विचारलं, डिरेक्टरी नाही, म्हणून त्याने ठामपणे नकार दिला. स्विचच्या दृष्टीने नकार म्हणजे नकार, स्थानिक खात्याकडे जायचं कारणच नाही. अर्धवट जिवंत सर्व्हर पूर्ण मेलेल्यापेक्षा वाईट, तो असा.

"कन्सोल केबल लाव. तिथे स्थानिक खातं चालतं."

"केबल कुठेय?" मग थोडा वेळ फक्त ड्रॉवर उघडल्याचे आवाज. वॉचमन काकांनी टॉर्च धरला. केबल जुन्या अप्लायन्सच्या डोक्यावरच गुंडाळून ठेवलेली होती.

पोर्ट उठला, नेरूळ-खारघर आले. तरी महापेचा दुसरा वर्कर सगळ्यांना नाकारत होता. तारीख बघितली तर २०१९. त्या हायपरव्हायजरच्या मदरबोर्डवरची सेल संपलेली, पूर्ण वीज गेल्याशिवाय ते कधी कळलंच नसतं. २०१९ साली आमचं प्रमाणपत्र जन्मलेलंच नव्हतं, आणि डोमेनच्या लॉगिनमागच्या केर्बेरॉसला तर पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही. क्रोनीने हळूहळू सरकवण्याऐवजी सुरुवातीलाच उडी मारावी अशी सेटिंग होती, पण बोगदा बंद असताना समय सर्व्हर दिसत नव्हते. बोगदा आल्यावर विनबाइंड रिस्टार्ट केलं आणि सुटला. आज ज्युनियरने कोपरखैरण्याच्या घड्याळवाल्याकडून सीआर२०३२ आणल्या. सगळ्या सर्व्हरच्या बदलून टाकतोय.

२५ ऑगस्ट, सोमवार

गणपतीच्या आधी आटपायचं म्हणून दोन दिवस याच्यावरच.

बूटचा क्रम हायपरव्हायजरवर बांधला: आधी डीएनएस आणि डोमेन कंट्रोलर, मग वर्कर, शेवटी प्रॉक्सी. प्रॉक्सी शेवटी यात अर्थ आहे. ती उठेपर्यंत स्विचना टाइमआउट मिळतो आणि स्थानिक खातं चालतं.

ॲडमिन लॉगिनच्या वाटेवर नियम बदलला. पासवर्ड चुकला तर नकार. डिरेक्टरीच पोहोचत नसेल तर वर्करने गप्प बसायचं, काहीच उत्तर द्यायचं नाही. तोटा असा की गप्प बसलेल्या वर्करला प्रॉक्सी काही काळ मेलेला समजू शकते. पण डिरेक्टरीशिवायचा वर्कर तसाही कुणाच्या कामाचा नाही, तेव्हा समजू दे. वाय-फायसाठी हा नियम लावला नाही. तिथे फोन पुन्हा प्रयत्न करतो, गप्प बसून मिळवायचं काही नाही.

हायपरव्हायजरचं स्वतःचं लॉगिन रेडियसमधून काढून घेतलं. ज्याच्या पोटात रेडियस आहे त्याने आत जायला रेडियसलाच विचारायचं, हे कागदावरही बरं दिसत नाही. दोन स्थानिक खाती, पासवर्ड पाकिटात सीलबंद, एक महापेत आणि एक नेरूळच्या रजिस्ट्रार मॅडमच्या कपाटात. त्यांनी पाकीट घेताना विचारलं, "हे परीक्षेच्या पेपरांबरोबर ठेवलं तर चालेल ना?" उत्तम जागा.

महापेतही एक स्थानिक घड्याळ-सर्व्हर केला, म्हणजे बोगदा नसताना निदान आपापसात तरी वेळ जुळेल. कन्सोल केबल रॅकच्या दाराला आतून बांधली.

८ सप्टेंबर, सोमवार

विसर्जन झालं, कॉलेजं पूर्ण भरली. सकाळी नऊचा लोंढा तीन वर्करनी घेतला. चाचणी-लॉगिनचा वेळ कुठेही अलार्मच्या रेषेजवळ गेला नाही. चौथा पाट रिकामाच.

जुनी अप्लायन्स रॅकमधून काढली. डिस्क वेगळ्या करून नष्ट करायला दिल्या, कारण त्यांत वर्षानुवर्षांची शेअर्ड सिक्रेट होती, खोकी ई-कचऱ्यात. मॅनेजर सर रिकाम्या जागेकडे बघून म्हणाले, "इथे आता काय ठेवायचं?" काही नको.

बाकी: खारघरच्या उरलेल्या स्विचचं फर्मवेअर. खारघर-महापे वाटेवर रेडियस टीएलएसमधून, टीसीपी २०८३वर नेणं. दोन्ही टोकं आपल्याच हातात असल्याने सोपं जावं, आणि तुकड्यांचं दुखणंही जाईल. स्टाफचे लॅपटॉप पीईएपीवरून ईएपी-टीएलएसवर, दिवाळीच्या सुट्टीत. नेरूळच्या हायपरव्हायजरची सेल अजून बदलायची राहिलीय, ज्युनियर उद्या जातोय.